गाभण राहण्याचा निकाल व्यायच्या आधीच लागतो

मित्रहो, आधी एक साधी वजाबाकी करू. गाईचा गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं असेल तर ३६५ मधून २८३ गेले, उरले ८२. त्यातले पहिले तीस-चाळीस दिवस गर्भाशय पूर्ववत व्हायलाच लागतात. शिवाय व्याल्यानंतरचा पहिला माज बहुधा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा असतो आणि त्याच्या पाठोपाठचं माजाचं चक्र आखूड, त्यामुळे तेव्हा गर्भ टिकण्याची आशा फारशी धरता येत नाही. नेमक्या याच दिवसांत मांसोत्पादनासाठी कुरणावर पाळलेली गाय सगळ्यात ओढगस्तीला आलेली असते. वासरू लुचतंय, दूध आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत वाढत चाललंय, आणि पोटात जातं ते चरून मिळेल तेवढंच. गोठ्यातल्या दुभत्या गाईचं आंबोण वाढवता येतं. इथे आधी गवत ठरवतं, मग आपण.

खाल्लेली ऊर्जा कुठे खर्च करायची, याचा गाईच्या शरीरात साधारण क्रम ठरलेला आहे. जीव जगवणं, चालणं-चरणं, वयाने लहान असेल तर स्वतःची वाढ, पोटातला गर्भ, दूध. माजाचा नंबर या सगळ्यांच्या मागे. आपल्याला हे गैरसोयीचं वाटतं, पण अंगावर पिणारं वासरू आधी जगवायचं, हा गाईचा हिशेब चोखच म्हणायला हवा.

मग बीजांडकोशाला ही टंचाई कळते कशी? खाणं कमी पडलं की रक्तातली साखर आणि इन्सुलिन उतरतं, अंगावरची चरबी वितळून मेदाम्लं रक्तात येतात. यकृत वाढीच्या संप्रेरकाला पुरेशी दाद देत नाही आणि तिथून निघणारं आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारं संप्रेरक घटतं. इकडे मेंदूकडून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला जाणारे इशारे विरळ होतात, त्यामुळे तिचं एलएच हे स्त्रीबीज सुटायला लावणारं संप्रेरक रक्तात थांबून थांबून येतं. स्त्रीबीज ज्यात वाढतं ती पुटकं मात्र व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच वाढायला लागलेली असतात. त्यांतलं एक बऱ्यापैकी मोठंही होतं. पण एलएचचा ठोका जवळपास तासाला एक पडल्याशिवाय ते फुटत नाही, जागच्या जागी जिरून जातं. मग नवी लाट येते आणि तिचंही तेच होतं. म्हणजे ‘बीजांडकोश झोपलेत’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते कामाला लागलेलेच असतात, अडतं ते शेवटच्या टप्प्यावर.

वासराचाही यात हात आहे. नुसतं सडाला तोंड लागणं पुरत नाही, आपलंच वासरू पितंय ही ओळख लागते. परक्या वासराच्या लुचण्याने माज तितका दबत नाही.

आता गवताकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. गाईला आतड्यातून साखर जवळजवळ मिळतच नाही, ती यकृतात घडवावी लागते, मुख्यतः कोठीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात, तयार होणाऱ्या प्रोपिओनेट या आम्लापासून. निबर, वाळक्या गवतातून अ‍ॅसिटेट हे दुसरं आम्ल भरपूर निघतं, प्रोपिओनेट त्या मानाने कमी. आणि अ‍ॅसिटेट नीट वापरायलाही थोडी साखर लागतेच. त्यात गवतातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले जंतू मंदावतात, चारा आत अडकून राहतो आणि गाय खाणंच कमी करते. समोर गुडघाभर गवत आणि जनावर खंगलेलं, हे दृश्य तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. अशा वेळी थोडी पेंड द्या, तेच गवत जास्त खाल्लं जाईल आणि जास्त पचेल. प्रथिनांची सोय न करता धान्याचा मारा केलात तर उलट तंतूंचं पचन बिघडतं. ही चूक फार सर्रास होते.

गाईची स्थिती पाहायला वजनकाटाच हवा असं नाही. १ (अगदी हाडकुळी) ते ९ (फार लठ्ठ) अशी गुणांकनाची पट्टी आहे. गाईच्या कुशीला उभे राहा आणि शेवटच्या दोन बरगड्या पाहा. त्या लांबून मोजता आल्या तर गुण ४ किंवा कमी. बरगड्या झाकल्या गेल्यात, कणा टोचत नाही, शेपटीच्या मुळाशी जेमतेम मांद लागतेय, तर ५. विताना प्रौढ गाय किमान ५ वर हवी, पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी, ६ वर, कारण तिची स्वतःची वाढ अजून चालू असते.

एक गुण म्हणजे ढोबळमानाने ४० किलो. व्यायला ८० दिवस असताना तो कमवायचा तर रोज अर्धा किलो वाढ हवी, आणि गर्भाची वाढ त्याशिवाय. अवघड आहे, पण जमतं. व्याल्यावर मात्र वाढीव खुराकातला बराच वाटा दुधात जातो. म्हणून पैसे थोडेच असतील तर ते विण्याआधी घाला, असं मी स्पष्ट सांगेन. बरगड्या पाहायच्या त्या वासरं तोडताना, म्हणजे त्यांचं दूध सोडवताना. तेव्हा दूध आटतं, गर्भ लहान असतो आणि त्याच गवतावर गाय अंग धरते.

‘आणि वेळ गेलीच असेल तर?’ असा प्रश्न आत्ता पुढच्या रांगेतून आला. तर वासरं लवकर तोडा, अंगावरचा भार उतरेल. दोन दिवस वासरू वेगळं ठेवण्याचा उपाय बेताच्या अंगाच्या गाईवर चालतो, हाडं निघालेलीवर सहसा नाही. पहिलारू वेगळ्या चारा, मोठ्या गाई त्यांना खाऊ देत नाहीत. आणि दरवर्षी हीच रड असेल, तर विण्याचा हंगामच कोवळ्या गवताच्या जवळ सरकवा. त्यासाठी वळू कळपात कधी सोडायचा ती तारीख तेवढी बदलावी लागते.