पहिल्या हप्त्यानंतर

(विमा एजंट होऊ पाहणाऱ्यांसमोर आणि पॉलिसीधारकांसमोर एका विमा एजंट बाईंनी दादरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. काहींना विमा एजंट व्हावं की नाही ते ठरवायचंय. बाकीचे पॉलिसीधारक आहेत, आणि पहिला हप्ता भरल्यावर आपला एजंट दिसेनासा का होतो, हा त्यांचा जुना प्रश्न आहे. दोघांचं उत्तर एकच आहे. एजंटला पैसे कधी आणि कशाचे मिळतात ते बघा. म्हणून आज मी पैशांवरच जास्त बोलणार आहे. आपल्यात कुणाला त्याची कमाई विचारणं बरं दिसत नाही, पण या धंद्यात पाऊल टाकणाऱ्याने तो संकोच बाजूला ठेवावा.

वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत अशी. लांब मुदतीच्या एंडोमेंट पॉलिसीवर, म्हणजे विमाही देणाऱ्या आणि मुदत संपल्यावर पैसेही देणाऱ्या पॉलिसीवर, पहिल्या वर्षी हप्त्याच्या 25 टक्के कमिशन, त्यावर बोनस कमिशन धरून 35 टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के. चौथ्या वर्षापासून पाच. आता यात बदल झालेत. 2023 पासून विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने कमिशनचे दर कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवले. ऑक्टोबर 2024 पासून पॉलिसी लवकर सरेंडर करणाऱ्याला, म्हणजे मुदतीआधीच मोडणाऱ्याला, जास्त पैसे परत द्यावे लागतात, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन खाली आणलं. तरी हिशोबाचा सांगाडा तोच आहे, म्हणून जुन्या दरानेच मांडते.

30 हजारांचा वार्षिक हप्ता धरा. पहिल्या वर्षी एजंटला 10,500 रुपये. पुढची दोन वर्षं 2,250. मग दरवर्षी 1,500. डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला महिना निदान 25 हजार सुटायला हवेत, म्हणजे वर्षाचे तीन लाख. त्यासाठी अशा 29 पॉलिसी लागतात. महिन्याला अडीच. ऐकायला अवघड वाटत नाही, आणि पहिल्या वर्षी ते जमतंही, कारण मामा असतो, आत्या असते, शाळेतले मित्र असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात.

दुसऱ्या वर्षी काय होतं? समजा, 29 च्या 29 जणांनी दुसरा हप्ता भरला. तुमच्या हातात येतात 65,250 रुपये. वर्षाचे. महिन्याला साडेपाच हजारसुद्धा नाहीत. त्यातल्या दहा जणांनी हप्ता चुकवला तर 42,750. म्हणजे पोट भरायला पुन्हा 20-25 नवी माणसं हवीत, आणि मामा-आत्या तर संपले. बहुतेक जण हा धंदा सोडतात ते इथे. ते आळशी असतात असं नाही. त्यांना हा खड्डा आधी कुणी दाखवलेला नसतो.

आता दुसरी बाजू. दरवर्षी तेवढाच धंदा झाला आणि एकही पॉलिसी बंद पडली नाही, तर पाचव्या वर्षी नवीन एकही पॉलिसी न करता जुन्या हप्त्यांचं कमिशनच 2,17,500 रुपये होतं. महिना 18 हजारांच्या आसपास. दहाव्या वर्षी हा आकडा आणखी वर जातो. या धंद्यात टिकलेला माणूस या पैशावर जगतो. पहिल्या वर्षाचं कमिशन लोकांच्या डोळ्यांत भरतं, पण माझं घर रिन्यूअलवर, म्हणजे या जुन्या हप्त्यांच्या कमिशनवर, चाललंय, मुलांची शिक्षणं त्यावर झाली.

पगारदार माणसाला जे न मागता मिळतं त्यातलं एजंटला फारसं काही नसतं. पीएफ नाही, ईएसआय नाही, आजारपणाची रजा नाही. लोकलचा पास, फोन, दिवाळीच्या डायऱ्या, झेरॉक्स, सगळं स्वतःच्या खिशातून. एलआयसीच्या एजंटांना ग्रॅच्युइटी आहे. 2023 मध्ये तिची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. चांगली गोष्ट आहे, पण तिच्यासाठी वर्षानुवर्षं टिकावं लागतं, आणि खरी अडचण टिकण्याचीच आहे.

हे सरकारच्याही लक्षात आलं असावं असं मला ‘विमा सखी’ योजनेकडे बघून वाटतं. डिसेंबर 2024 मध्ये ती सुरू झाली. दहावी झालेल्या, 18 ते 70 वयाच्या बाईला एलआयसीची एजंट झाल्यावर पहिल्या वर्षी महिना 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये मिळतात. कमिशन वेगळं. पण तिची अट नीट वाचा: दुसऱ्या वर्षी पैसे हवे असतील तर पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी 65 टक्के चालू असायला हव्यात. कमिशनच्या तक्त्यात पॉलिसी टिकवण्याला फारशी किंमत नाही, इथे मात्र ती दिली आहे. ही अट मला फार आवडते. प्रत्येक नव्या एजंटला, बाई असो की बुवा, पहिली तीन वर्षं असा आधार आणि अशी अट मिळायला हवी.

आता भरतीबद्दल. तुम्हाला एजन्सीसाठी बोलावणारा माणूस विकास अधिकारी असतो किंवा एजन्सी मॅनेजर. त्याला पगार असतो, आणि तो पगार टिकतो त्याच्या एजंटांनी आणलेल्या नव्या धंद्यावर. पहिल्या-दुसऱ्या भेटीत तो तुमच्यापुढे कोरा कागद ठेवतो आणि म्हणतो, ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा. ट्रेनिंग 25 तासांचं, परीक्षा 50 प्रश्नांची, पास व्हायला 35 टक्के पुरतात. त्या कागदाला मात्र फार महत्त्व असतं. तुम्ही दोन वर्षांत सोडून गेलात, तरी त्या यादीतल्या 20-30 जणांच्या पॉलिसी कंपनीकडे आलेल्या असतात. एजंट गेलेल्या पॉलिसीला शाखेत ‘ऑर्फन’ म्हणतात. त्या पॉलिसीधारकाला हप्त्याची आठवण करणारं, पत्ता बदलून देणारं, क्लेमच्या वेळी सोबत येणारं कुणी उरत नाही. आणि तो माणूस तुमचा मामा असतो. लग्नकार्यात तो तुमच्याशी पुन्हा कसा बोलतो, ते सोडून गेलेल्या कुठल्याही एजंटला विचारा.

कमिशनची ही पद्धत आजची नाही. 19 जानेवारी 1956 ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. (त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको.) 245 कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून 1 सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. लोकांचे बुडालेले पैसे, कंपन्यांचे गैरव्यवहार, अशी कारणं त्यामागे होती, आणि ती खरी होती. मालक बदलला. एजंटला पहिल्या वर्षी भरभरून द्यायचं आणि पुढे हात आखडायचा, ही रीत मात्र राहिली. 2000 नंतर खाजगी कंपन्या आल्या, त्यांनीही तीच उचलली.

त्या रीतीचा परिणाम तुमच्या घरातल्या पॉलिसीवर कसा होतो ते सांगते. तिशीतला, बायको आणि लहान मूल असलेला माणूस. त्याला गरज आहे एक कोटीच्या टर्म विम्याची, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याची. हप्ता वर्षाला 12-15 हजारांच्या घरात. तोच माणूस 50 हजारांची एंडोमेंट घेतो, तेव्हा विमा मिळतो आठ-दहा लाखांचा. एजंटच्या हातात मात्र टर्मच्या कितीतरी पट कमिशन पडतं. मग तो कागद आधी कुठला काढेल? शिवाय गिऱ्हाईकच विचारतं, ‘मी जगलो तर काय मिळणार?’ टर्मवर काही मिळणार नाही म्हटलं की चहाचा कप खाली ठेवतात. मी अशा घरांत आधी टर्मचा कागद ठेवते, घरखर्चाचा हिशोब मांडते आणि वाट बघते. कधी दोन वर्षं वाट बघावी लागते. ज्याचं घरभाडं या महिन्याच्या कमिशनवर आहे त्याला दोन वर्षं थांबता येत नाही. म्हणून नवीन एजंटकडे जोडीला दुसरं उत्पन्न असावं असं मी आग्रहाने सांगते.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, भरतानाही हेच होतं. ‘शुगर लिहू नका, उगाच मेडिकल लागेल, हप्ता वाढेल.’ हे वाक्य या शहरात रोज कुठेतरी बोललं जातं. विमा कायद्याच्या 45 व्या कलमाप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. पण तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर चौकशी होते, दवाखान्याचे कागद काढले जातात. लपवलेली शुगर तेव्हा त्याच्या बायकोच्या वाट्याला येते. एजंटला पहिलं कमिशन तर आधीच मिळून गेलेलं असतं.

आता पॉलिसीधारकांना थोडं कडक बोलते, रागावू नका. ‘पहिल्या हप्त्यातले किती सोडणार?’ हा प्रश्न मी मलबार हिलला ऐकलाय आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरातही. कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देणं हा 41 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि घेणंसुद्धा. दंड 10 लाख रुपयांपर्यंत. कायदा सोडा, व्यवहार बघा. ज्याचं पहिल्या वर्षाचं कमिशन तुम्ही काढून घेतलंत, तो पुढची 20 वर्षं तुमच्या दारात कशासाठी येईल?

आणि यायला लागतं. गिरणगावात पगारातून हप्ता कापायची पद्धत होती. गिरणीतून कपात थेट कंपनीकडे जायची, कुणाला काही करावं लागत नसे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पगार थांबले, त्याबरोबर कपातही थांबली. आमचे सीनियर सांगायचे, हप्ता बंद झालाय हेच कित्येकांच्या ध्यानात नव्हतं. चाळीत जाऊन ‘पॉलिसी लॅप्स होतेय, निदान पेड-अप तरी करून घ्या’ हे सांगणारा एजंटच. (पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं.) आज गिरण्या नाहीत, पण नोकरी सुटली, बँक बदलली, ईसीएस बाउन्स झाला, की तेच घडतं. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस 15, बाकीच्यांना 30. त्यानंतर विमा संपतो, आणि त्याचा मेसेज बदललेल्या नंबरवर जातो.

भांडुपच्या एका घरातलं सांगते. नवरा लेथवर काम करायचा. हार्ट अटॅकने गेला. पत्र्याच्या ट्रंकेत, रेशन कार्डाच्या पिशवीत, पॉलिसीचा बाँड नीट ठेवलेला होता. पॉलिसी लग्नाच्या आधीची, तिचा एजंट कधीच धंदा सोडून गेलेला. बाँडवर नॉमिनी होती आई. ती गावी, सावंतवाडीकडे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैशावर हक्क नॉमिनीचाच. सुनेचं नाव कुठेच नव्हतं. सासूबाई मोठ्या मनाच्या निघाल्या. पैसे आल्यावर निम्मे त्यांनी नातवाच्या नावावर ठेवले. पण तिथपर्यंत पोचायला किती हेलपाटे! महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, कॅन्सल केलेला चेक. सासूबाईंच्या नावात बाँडवर एक आय, आधारवर दोन ई; त्यासाठी प्रतिज्ञापत्र. म्हातारीचं बँक खातं बंद पडलेलं, त्याचं केवायसी गावी जाऊन. ती सून माझी गिऱ्हाईक नव्हती. शेजारणीने माझ्याकडे आणलं म्हणून मी त्यात पडले. लग्नानंतर एका पानाचा नॉमिनेशनचा फॉर्म भरला असता तर तिला सासूबाईंच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहावं लागलं नसतं. त्या फॉर्मचं कमिशन शून्य आहे. क्लेमला सोबत जाण्याचंही शून्य.

माझ्या मते या धंद्याची खरी दुखरी जागा ही आहे. विमा म्हणजे जे काम, ते जवळजवळ सगळं पहिल्या हप्त्यानंतर सुरू होतं, आणि पैसा जवळजवळ सगळा त्याच्या आधीच्या कामाला. रिन्यूअलचा दर वाढला पाहिजे असं मी शाखेच्या प्रत्येक मीटिंगमध्ये बोलत आले आहे आणि बोलत राहणार आहे.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मुलगी नोकरी सोडून एजन्सी घेतेय, घेऊ देऊ का? ताई, एजन्सी घेऊ द्या, नोकरी एवढ्यात सोडू देऊ नका. संध्याकाळ आणि रविवार पुरतात सुरुवातीला. नोकरीतून निघायचा हिशोब नव्या धंद्यावर करायचा नाही. जुन्या हप्त्यांचं कमिशन घरखर्चाच्या निम्म्यावर आलं की मग विचार करायचा. आणि फॉर्मवर सही करायच्या आधी तिला तिच्या मॅनेजरला तीन गोष्टी विचारू द्या. तुमच्या हाताखाली पाच वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी आज किती जण काम करतायत? त्यांच्या किती पॉलिसी तेराव्या महिन्यात, म्हणजे एक वर्ष उलटल्यावर, चालू होत्या, किती एकसष्टाव्या महिन्यात, म्हणजे पाच वर्षं उलटल्यावर? आणि मी सोडून गेले तर माझ्या लोकांकडे कोण बघणार? हे आकडे शाखेत असतात. तो ते दाखवायला तयार झाला तर त्याच्याकडे काम शिकण्यासारखं आहे. टाळाटाळ केली तर दुसरी शाखा बघा, मुंबईत शाखांना तोटा नाही.