दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी आहे ना, मग?

मंडळी, आधी माझीच एक गोष्ट सांगतो. दोन सर्व्हर होते, रोज रात्री दोनला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, आरसिंक हे फाइली एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करणारं टूल चालायचं आणि त्याला डिलीटचा ऑप्शन लावलेला, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही काढायचं. एका संध्याकाळी माझ्या हातून एक फोल्डर उडालं, मला कळलंच नाही, आणि सकाळी बघतो तर दोन्हीकडे गायब. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. काम अगदी सांगितल्याप्रमाणे झालं होतं.

त्या दिवसापासून मी कुणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो, की बाबा, दुसऱ्या सर्व्हरवर कालचं, परवाचं, महिन्यापूर्वीचं काही आहे का, की फक्त आत्ताचं आहे?

आरसिंक वाईट नाही हां. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 मध्ये ते आणलं आणि फाइलचे तुकडे करून त्यांचे चेकसम (तुकड्यातल्या डेटावरून काढलेला छोटा आकडा) जुळवायचे, जुळलेले तुकडे पाठवायचेच नाहीत, ही आयडिया आजही भारी वाटते. पण काय बदललंय हे शोधायला त्याला फोल्डरांचं सगळं झाड फिरावं लागतं. चाळीस लाख फाइली असतील तर चाळीस लाखांची साइज आणि तारीख बघायची, मग बदललेल्या दहाच का असेनात. मोठ्या फोल्डरचं नाव बदललंत तर साध्या सेटिंगमध्ये ते नवीनच धरतं आणि सगळा डेटा परत पाठवतं.

झेडएफएसचा रस्ता वेगळा आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला हा भाग मनापासून आवडतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये बनलेली ही फाइल सिस्टिम, 2005 मध्ये ओपनसोलारिसमधून तिचा कोड बाहेर आला. ती वापरात असलेल्या ब्लॉकवर (डिस्कवरच्या डेटाच्या तुकड्यावर) पुन्हा लिहीत नाही, बदल नवीन जागी लिहिते, म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या डेटाचं गोठवलेलं चित्र, क्षणात होतो. आणि प्रत्येक ब्लॉकच्या पॉइंटरमध्ये (ब्लॉक कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीत) तो ब्लॉक कितव्या ट्रान्झॅक्शन ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्र लिहिलेल्या बदलांच्या कितव्या गठ्ठ्यात, जन्मला तो नंबर असतो. आता सेंडला, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या कमांडला, कालचा आणि आजचा असे दोन स्नॅपशॉट दिले की ते या पॉइंटरांच्या झाडाच्या वरून खाली येतं, आणि ज्या फांदीचा जन्म कालच्या स्नॅपशॉटच्या आधीचा, ती उघडतच नाही, कारण खाली पानाला जरी हात लागला असता तरी वरचे सगळे पॉइंटर नव्याने लिहावे लागले असते. फाइली किती आहेत यापेक्षा बदल किती झालाय यावर वेळ ठरतो.

यात एक अट आहे, दोन्हीकडे एक कॉमन स्नॅपशॉट पाहिजे. साफसफाईच्या स्क्रिप्टने तो उडवला की इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदल पाठवणं, संपलं, परत सगळं पहिल्यापासून. 8 टेराबाइट डेटा 100 मेगाबिटच्या लाइनवरून पाठवायला सात दिवसांच्या वर लागतात, हिशोब करून बघा. म्हणून शेवटच्या पाठवलेल्या स्नॅपशॉटला होल्ड लावायचा, म्हणजे तो चुकून डिलीट होत नाही.

दुसरं, समोरचा, म्हणजे बॅकअप सर्व्हरवरचा, डेटासेट (झेडएफएसमधला फाइलींचा गट) रीडओन्ली करा. नाहीतर कुणीतरी तिकडे जाऊन एखादी फाइल नुसती उघडतं, तिची अॅक्सेस टाइम बदलते आणि रात्री डेटा घेणारं रिसीव्ह म्हणतं की डेस्टिनेशन बदललंय, घेणार नाही. मग लोक वैतागून समोरचे बदल पुसून डेटा घ्यायला लावणारा कॅपिटल एफचा फोर्स लावतात आणि तो कायमचा स्क्रिप्टमध्ये राहतो. सेंडला कॅपिटल आर (खालचे सगळे डेटासेट आणि स्नॅपशॉटही सोबत पाठवणारा ऑप्शन) आणि रिसीव्हला कॅपिटल एफ असं इन्क्रिमेंटल चाललं की मूळ सर्व्हरवर जे स्नॅपशॉट नाहीत ते समोरूनही उडतात! म्हणजे फिरून माझ्या त्याच सकाळी आलो आपण. दोन्हीकडचे स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे ते वेगवेगळं ठरवायचं असेल तर हे दोन एकत्र नकोत.

एका मशीनच्या डिस्कवर लिहिलेलं दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर उतरवणाऱ्या डीआरबीडीबद्दल दोनच शब्द. 2010 मध्ये लिनक्स कर्नलच्या 2.6.33 मध्ये ते आलं, मशीन पडलं तरी सर्व्हिस चालू ठेवायला उत्तम आहे, पण ब्लॉकवर लिहिलेलं तसंच पलीकडे जातं, चुकीचं डिलीटसुद्धा.

आणि शक्यतो बॅकअप सर्व्हरने स्वतः येऊन डेटा ओढून न्यावा. मूळ सर्व्हरकडे बॅकअपची चावीच नको, म्हणजे तिथे कुणी घुसला, रॅन्समवेअर आलं, तरी जुने स्नॅपशॉट त्याच्या हाताला लागत नाहीत. येणाऱ्या युजरला झेडएफएस अलाऊ ही कमांड वापरून फक्त सेंडची परवानगी द्यायची, रूट, म्हणजे सगळे अधिकार, द्यायचं नाही.

मी महिन्यातून एकदा बॅकअपवरच्या एका जुन्या स्नॅपशॉटचा क्लोन (त्यावरून बनलेली, वापरता येणारी प्रत) काढतो, तो माउंट करतो, मनाला येतील त्या पाच-सहा फाइली उघडून वाचतो, आणि सुरुवातीपासून हातात फाइल येईपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत लिहून ठेवतो.