पाचव्या महिन्याचं भय आणि नदीतला कवी

मंडळी, दुआनवूची, म्हणजे चीनमधल्या ड्रॅगन होड्यांच्या सणाची, जी गोष्ट जगभर सांगितली जाते ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे तिची चिरफाड करायला मोकळे.

प्राचीन चीनमधल्या छू राज्यात छ्यू युआन नावाचा एक मंत्री होता. उत्तम कवी. शेजारचं छिन राज्य आपल्याला गिळायला टपलंय, हे तो राजाला परोपरीनं सांगत राहिला. दरबारातल्या लोकांनी राजाचे कान भरले आणि याला हद्दपार व्हावं लागलं. इ.स.पू. 278 मध्ये छिनचा सेनापती बाय छी यानं छूची राजधानी घेतली. बातमी कळल्यावर छ्यू युआननं दगड कवटाळला आणि आजच्या हूनान प्रांतातल्या मीलुओ नदीत स्वतःला झोकून दिलं. तो दिवस पाचव्या चांद्रमासाचा पाचवा. लोक होड्या घेऊन शोधायला धावले, म्हणून ड्रॅगन होड्यांची शर्यत. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला, म्हणून पानात बांधलेल्या भाताचे त्सोंगत्स.

किती चपखल आहे बघा! प्रत्येक रिवाजाला एकेक कारण, एकही धागा सुटा नाही. लोककथा इतकी नीटनेटकी असली की मला तरी संशय येतो.

छ्यू युआनचं सगळ्यात जुनं चरित्र लिहिलं सिमा छ्येन या इतिहासकारानं, इ.स.पू. 100 च्या सुमारास. नदीकाठी एक कोळी भेटतो, विचारतो, ‘इथं कसे?’ कवी म्हणतो, सगळं जग गढूळ आहे, मी एकटा स्वच्छ. सगळे झिंगलेत, मी एकटा शुद्धीवर. कोळी त्याला शहाणपणाचा सल्ला देतो की बाबा, जग गढूळ तर तूही थोडा चिखल ढवळ. याला ते पटत नाही. दगड आहे, नदी आहे. तारीख मात्र नाही. होड्या नाहीत. भाताचं शीतसुद्धा नाही.

आता त्याच इतिहासकाराची दुसरी नोंद पाहा. छी राज्यात मंगछांग नावाचा मोठा सरदार होऊन गेला. इ.स.पू. 279 च्या आसपास वारला, म्हणजे छ्यू युआनचाच समकालीन. त्याचा जन्म पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी झाला. बापानं आईला सांगितलं, हे पोर वाढवायचं नाही. समजूत अशी की या दिवशी जन्मलेलं मूल दाराच्या उंचीएवढं झालं की आईबापांच्या मुळावर येतं. आईनं चोरून वाढवलं. मोठा झाल्यावर पोरगा बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, माणसाचं नशीब आभाळ ठरवतं की दाराची चौकट? चौकट ठरवत असेल तर चौकट उंच करा, मग कोण पोचतंय तिथवर! बाप गप्प बसला.

म्हणजे कवी नदीकडे निघाला त्याच्या कितीतरी आधीपासून हा दिवस बदनाम होता. माझं म्हणणं एवढंच आहे: सणाच्या मुळाशी कवी नाही, भीती आहे. कवी मागाहून आला.

भीती कसली? यांग्त्झी नदीच्या खोऱ्यात चिनी पाचवा महिना साधारण जूनमध्ये येतो. संततधार पाऊस, कोंदट उकाडा, डास, भिंतीला बुरशी, बिळातून बाहेर पडणारे साप. या महिन्याला लोक सरळ ‘वाईट महिना’ म्हणत. सहाव्या शतकात त्सोंग लिन यानं या भागातल्या सणावारांची एक वही लिहून ठेवलीय. तो म्हणतो, या महिन्यात घर शाकारायचं नाही, अंथरूण उन्हात टाकायचं नाही. एका गृहस्थानं चटई वाळत घातली, तर तिच्यावर एक लहान मूल मरून पडलेलं दिसलं. क्षणात नाहीसं झालं. पुढे त्या गृहस्थाचंच मूल दगावलं. मला या साऱ्या सणात ही चटई सगळ्यात खरी वाटते.

मग बंदोबस्त आला. दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती माणसाच्या आकारात बांधून दारावर टांगायची, शेजारी वेखंडाची तलवारीसारखी पात. मुलांच्या मनगटाला पाचरंगी रेशमी दोरा. साप, विंचू, गोम, पाल आणि बेडूक हे ‘पाच विष’ पोरांच्या कपड्यांवर भरतकामात काढायचे, म्हणजे खरे जवळ येणार नाहीत. आणि दारूत मनशीळ घालून प्यायची. होय, तीच आपल्या वैद्यकातली तांबडी मनशीळ, सोमलाचं संयुग. उरलेल्या दारूनं पोरांच्या कपाळावर ‘राजा’ असं चिनी अक्षर काढायचं, कारण वाघाच्या कपाळावरचे पट्टे तसे दिसतात. पांढऱ्या नागिणीच्या चिनी लोककथेत बाईचं रूप घेतलेली बाय सूचन नवऱ्याच्या आग्रहाखातर हीच दारू पिते आणि तिचं खरं रूप उघडं पडतं. नवरा भीतीनं गतप्राण होतो.

भाताचंही तसंच. तिसऱ्या शतकातली एक नोंद सांगते की या दिवशी आणि उन्हाळी अयनदिनाला लोक पानात बांधून, राखेच्या पाण्यात शिजवलेलं चिकट धान्य खातात. छ्यू युआनचं नावही नाही. नाव येतं ते पाचव्या-सहाव्या शतकातल्या वू चून याच्या कथेत. छांगशाच्या एका माणसाला छ्यू युआनचं भूत भेटतं आणि चक्क तक्रार करतं: तुम्ही दरवर्षी पाठवता ते सगळं पाण्यातले ड्रॅगन खाऊन टाकतात. यापुढे बकाणनिंबाची पानं लावा आणि पाचरंगी दोऱ्यानं बांधा, या दोन गोष्टींना ते घाबरतात. लक्षात आलं का? दोरा तोच, मनगटावरचा. रोगराईचा तोडगा अलगद कवीच्या नावावर चढवला गेला.

बरं, नदीत दावेदार एकटा छ्यू युआन नव्हता. पूर्वेकडे, सूचौच्या बाजूला, हा दिवस वू त्सश्यूचा. याच्या बापाला नि भावाला छूच्याच राजानं मारलं होतं. हा पळून वू राज्यात गेला, फौज घेऊन परतला आणि त्या राजाचं प्रेत उकरून त्यावर चाबूक ओढले. पुढे वूच्या राजानंही याला आत्महत्या करायला लावून प्रेत चामड्याच्या पोत्यात घालून नदीत फेकलं. म्हणजे एकाच दिवशी एका काठावर छूचा निस्सीम भक्त, दुसऱ्या काठावर छूचा हाडवैरी! शिवाय इ.स. 143 मध्ये याच दिवशी, नदीदेवाचं स्वागत करताना एक पुजारी बुडाला. त्याची चौदा वर्षांची मुलगी त्साओ अ सतरा दिवस काठानं रडत फिरली आणि शेवटी तिनंही उडी घेतली. चच्यांग प्रांतातल्या त्या नदीला आजही तिचं नाव आहे.

मग जिंकला कवी, तो का? मला वाटतं, उत्तर नोंदी कोण ठेवत होतं यात आहे. नोंदी ठेवणारे सगळे सरकारी अधिकारी, आणि त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटलेलं असतं की मी प्रामाणिक आहे पण वरिष्ठांचे कान कुणीतरी भरलेत. छ्यू युआन त्यांचा माणूस. त्याच्या कविता त्यांना पाठ. वू त्सश्यूकडे नुसता सूड होता. विसाव्या शतकात जपानी आक्रमणाच्या काळात हा देशभक्त कवी आणखी मोठा झाला. 1942 मध्ये छोंगछिंगला लेखक क्वो मोरुओचं त्याच्यावरचं नाटक रंगमंचावर आलं. गंमत म्हणजे त्याच दशकात वन यीदुओ हा कवी-अभ्यासक मांडत होता की हा सण छ्यू युआनच्या फार आधीचा, ड्रॅगनला कुलचिन्ह मानणाऱ्या दक्षिणेतल्या लोकांचा. कुलचिन्हाचं मला पूर्ण पटत नाही, पण क्रम त्यानं बरोबर लावला.

2005 मध्ये कोरियाच्या कांगनंगमधल्या दानो या त्याच दिवशीच्या सणाला युनेस्कोची मान्यता मिळाली, तेव्हा चीनमध्ये बरीच आदळआपट झाली की आमचा सण पळवला. प्रत्यक्षात तिथं छ्यू युआन नाहीच. तिथं डोंगरदेव आहेत, अंगात येणं आहे, वेखंडाच्या पाण्यानं केस धुणं आहे. दिवस एक, भीतीही बहुधा एकच. 2008 पासून चीननं दुआनवूला सार्वजनिक सुट्टी दिली आणि 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्यांचाही सण आला. त्या नोंदीत चार ठिकाणं आहेत. त्सगुइ आणि मीलुओ, ही दोन्ही छ्यू युआनची. सूचौ, वू त्सश्यूचं. चौथं हूपेइमधलं ह्वांगशी. तिथं बांबू आणि कागदाची देवहोडी करतात, गावभर मिरवतात, लोक तिच्यावर चहापत्ती नि तांदूळ उधळतात आणि पाचव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी गावातली सगळी रोगराई तिच्यात बसवून यांग्त्झीत सोडून देतात.