आधी आई पाहते

[दृश्य: डिसेंबरची दुपार. बैठकीची खोली, टीव्ही सुरू. आवाज अगदी कमी.]

दुपारचे अडीच वाजलेत. स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण परातीत गार होत पडलंय. आई टीव्हीसमोर एकटीच बसली आहे. मांडीवर जुनी डायरी, हातात पेन. मध्येच ती रिमोट उचलते, चित्र थांबवते, दोन शब्द लिहिते आणि पुन्हा सुरू करते.

हे अहिल्यानगर. आमच्या तोंडी अजून नगरच. नाताळच्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची जेवणं लवकर उरकतात. मग उपासना होते. एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना. त्यानंतर सगळे मिळून सिनेमा पाहतात. आजोबा पलंगावर, मुलं सतरंजीवर, वहिनी दाराजवळच्या खुर्चीत. सिनेमा कुणीही सुचवावा, पण तो घरात लागण्याआधी आई पाहते. हा नियम गेली वीस वर्षं मोडलेला नाही.

त्याला कारण घडलं होतं.

[दृश्य: कपाटाच्या खणातल्या जुन्या डीव्हीडी.]

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. तीन तासांची उपासना करून आम्ही घरी आलो होतो. कुणीतरी वडिलांना 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'ची डीव्हीडी दिली होती. २००४ सालचा सिनेमा, तेव्हा नवाच. येशूचा सिनेमा आहे, मुलांनी बघायलाच हवा, अशा भावनेनं ती लावली गेली. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता. फटक्यांचं दृश्य सुरू झालं आणि तो आईच्या पदरात शिरला. आम्हाला वाटलं, भक्तीनं रडतोय. त्यानंतर कितीतरी रात्री तो दिवा घालवू देत नव्हता. पुढचे काही महिने देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखायचं.

अमेरिकेत त्या सिनेमाला 'आर' दर्जा मिळाला होता. म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघावा. मोठ्यांसाठी तो सिनेमा आजही अनेकांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी आम्ही कव्हरावरचं चित्र पाहून ठरवलं होतं. आत काय आहे, ते कुणीही पाहिलं नव्हतं.

आईनं वडिलांना दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, जुनी डायरी काढली आणि पहिल्या पानावर एक वचन लिहिलं.

[दृश्य: डायरीचं पहिलं पान. निळी शाई फिकट झालेली.]

बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, आठवं वचन. जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध... आमच्यातल्या बहुतेकांना ते पाठ आहे. 'मुलांनी काय पाहावं' हा विषय निघाला की हे वचन हमखास निघतं, आणि सगळ्यांचं बोट 'शुद्ध' या शब्दावर असतं. शिवी नको, उघडं अंग नको, दारू नको. आईचं बोट मात्र पहिल्या शब्दावर आहे. ती म्हणते, "पौलानं हे तुरुंगातून लिहिलंय. त्यानं 'सत्य' आधी लिहिलं, 'शुद्ध' चौथ्या जागी. सिनेमा खोटा असेल तर नुसता स्वच्छ असून काय उपयोग?"

मला हे पटायला बराच काळ गेला. आज ते पूर्ण पटतं. गोड कुटुंब, गोड कुत्रा, शेवटी बर्फ पडतो आणि सगळ्यांचं सगळं मिळतं, असे कितीतरी सिनेमे डिसेंबरात लागतात. त्यात आक्षेप घ्यावा असं काहीच नसतं, आणि मुलांनी दुसऱ्या दिवशी विचारावं असंही काही नसतं. सेन्सॉरचं 'यू' प्रमाणपत्र असो की ओटीटीवर कोपऱ्यात दिसणारं '७+' किंवा '१३+', ते आपल्याला सांगतं की या सिनेमात अमुक एक गोष्ट किती आहे. हे सांगणं गरजेचं आहे, आणि आई पहिल्यांदा तेच बघते. पण सिनेमा खरा आहे का, हे कोपऱ्यातल्या आकड्यात मावत नाही.

म्हणून तिच्या डायरीत चांगला-वाईट असे रकाने नाहीत. सिनेमाचं नाव, मिनिट आणि पुढे दोन शब्द: 'इथं थांबायचं'.

[दृश्य: मळलेलं पांढरं कापड, दोन बांबूंना बांधलेलं.]

आईनं पाहिलेला पहिला सिनेमा कापडावरचा. गावात देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत 'दयासागर' दाखवला होता. मूळचा तेलुगू 'करुणामयुडु', १९७८चा, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. हिंदीत आल्यावर हा सिनेमा प्रोजेक्टर आणि जनरेटर घेऊन गावोगाव फिरला. समोर जागा नव्हती म्हणून आई आणि तिच्या मैत्रिणी पडद्याच्या मागे बसल्या. मागून सगळं उलटं दिसतं. त्यामुळे आईच्या आठवणीतला येशू डाव्या हातानं आशीर्वाद देतो. शेजारी गावातल्या सगळ्या आळ्यांतली माणसं बसली होती, आणि वधस्तंभाच्या दृश्याला कुणाच्याही घरचं मूल कुणाच्याही मांडीवर होतं.

सगळ्यांनी मिळून पडदा पाहायची ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. १९११च्या सुमारास दादासाहेब फाळके पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले होते. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र चाललं होतं. ते पाहताना आपल्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं फाळक्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. एका हिंदू जोडप्यानं येशूचा सिनेमा पाहिला आणि त्यातून भारतीय सिनेमाची वाट निघाली. मला या गोष्टीचा फार आनंद वाटतो. शेजारच्या जोशीकाकू आमच्याकडे नाताळचा सिनेमा बघायला येतात, तेव्हा दरवर्षी ही गोष्ट निघतेच.

[दृश्य: वसई. देवळाच्या घंटेचा आवाज, मग एका घरातला टीव्ही.]

वसईला माझी एक कॅथलिक मैत्रीण राहते. तिच्या घरी टीव्हीच्या वर संत क्लाराची छोटी तसबीर आहे. मी कारण विचारलं. असिसीची क्लारा, तेराव्या शतकातली. एका नाताळच्या रात्री ती आजारी होती, मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, जाता आलं नाही, तेव्हा तिला अंथरुणावरूनच देवळातली मिस्सा दिसली आणि ऐकू आली, अशी कथा आहे. त्यावरून १९५८ साली पोप बारावे पायस यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवलं. कॅथलिक मंडळींनी पडद्याचा विचार किती आधीपासून केला, ते यावरून कळतं. १९९५ साली, सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, व्हॅटिकननं पंचेचाळीस सिनेमांची यादी काढली. त्यात 'बेन-हर' आहेच. पण 'गांधी'ही आहे, आणि इटलीतल्या गरिबीवरचा 'बायसिकल थीव्ह्ज'ही. ती यादी करणाऱ्यांनीही पहिला शब्द 'सत्य' असाच वाचला असावा.

याच यादीतल्या एका सिनेमावर आईचा विशेष जीव आहे. 'बाबेत्स फीस्ट', १९८७चा, डेन्मार्कचा. समुद्रकाठच्या खेड्यात पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, दोन म्हाताऱ्या मुली, त्यांची छोटी मंडळी, आणि त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी बाबेत ही फ्रान्सहून आलेली निराश्रित बाई. मंडळीतले लोक देवभीरू, पण आतून एकमेकांवर रुसलेले. बाबेतला लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात आणि ती सगळे पैसे एका जेवणावर खर्च करते. हे चैनीचं जेवण पाप तर नाही ना, या भीतीनं मंडळी ठरवते की खायचं, पण चवीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि जेवता जेवता त्यांची जुनी भांडणं विरघळतात.

सिनेमा संथ आहे. मुलं पहिल्या अर्ध्या तासात चुळबुळ करतात, हे मान्य. जेवणात वाइन आहे, त्यावर मंडळीतल्या एका काकांनी आईला टोकलंही होतं. आईनं त्यांनाच बघायला बोलावलं. ते आले, शेवटपर्यंत बसले आणि जाताना त्यांनी आईला विचारलं, "हिचे मंडळीत कुणी आभार मानले का गं?" स्वयंपाक करणाऱ्या बाईबद्दल विचारत होते. त्यांच्या घरी त्या वर्षी नाताळचा फराळ सुनेनं एकटीनं केला होता. त्यांना ती आठवली असावी.

[दृश्य: बर्फाळ पूल, कृष्णधवल चित्र. मग पुन्हा आमचा टीव्ही.]

'इट्स अ वंडरफुल लाइफ' तुम्ही पाहिला असेल. १९४६चा. आला तेव्हा फारसा चालला नाही. १९७४ला त्याच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, मग अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी तो दर नाताळला दाखवायला सुरुवात केली आणि तो घराघरातला झाला. घरानं मिळून पाहण्याचा सिनेमा म्हणून सगळे ज्याचं नाव घेतात, त्यात नाताळच्या आदल्या रात्री एक कर्जात बुडालेला बाप पुलावरून उडी मारायला निघालेला आहे. आईच्या डायरीत त्या मिनिटापुढे 'इथं थांबायचं' आहे आणि खाली रेघ मारलेली आहे. आमच्या जिल्ह्यात शेतीच्या कर्जापायी कुणाचे वडील गेलेत, हे मुलांना शाळेत ऐकू येतंच. घरात कुणी बोलत नाही, एवढंच.

[दृश्य: राहुरीचा रस्ता, उसाचे ट्रॅक्टर.]

आणि जो सिनेमा प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरानं बघायला हवा असं मला मनापासून वाटतं, तो टीव्हीसाठीच केलेला आहे. विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेला 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांच्या भूमिकेत सुहास जोशी.

ही आमच्या मातीतली गोष्ट. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले, मूल आईजवळ. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल निराळी, पाणी निराळं. मग एके दिवशी, कुणीही न सांगता, जात माणसानंच केलेली आहे हे त्यांच्या मनानं घेतलं, आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरलं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

यात गोड काही नाही. टिळक मोठे कवी, त्यांची गीतं आम्ही आजही गातो, आणि तरी या गोष्टीत ते बायकोला दुखावतात. माझ्या पुतणीनं हे पाहून सरळ विचारलं, "त्यांनी आधी तिला का नाही विचारलं?" आजोबा म्हणाले, "विचारायला हवं होतं." उपदेशकाच्या घराण्यातले माझे आजोबा हे टिळकांबद्दल म्हणाले. त्या रात्री पुढचा अर्धा तास कुणी उठलं नाही. घरात श्रद्धा असणं आणि एकमेकांचं ऐकून घेणं यावर आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

[दृश्य: संध्याकाळ. खिडकीत कागदी चांदणी पेटते.]

आई आज दुपारी बघत होती, ती फ्रँको झेफिरेलींची 'जीझस ऑफ नाझरेथ' ही मालिका. १९७७ची, टीव्हीसाठीच केलेली, सहा तासांहून मोठी. ट्युनिशिया आणि मोरोक्कोत चित्रित झालेली. रॉबर्ट पॉवेल येशू. पापणी क्वचितच लवते, त्यामुळे लहान मुलं त्याच्या डोळ्यांकडे एकटक बघत राहतात.

हिच्या बाबतीत जे घडलं, ते आईच्या नियमाला फार जवळचं आहे. दिग्दर्शक येशूला साधा माणूस म्हणून दाखवणार, असं एका मुलाखतीवरून पसरलं. अमेरिकेतल्या एका कडव्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या प्रमुखांनी ती न बघताच निषेध केला. निषेधाची पत्रं गेली. जनरल मोटर्सनं प्रायोजकत्व काढून घेतलं, ते प्रॉक्टर अँड गॅम्बलनं उचललं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आणि ईस्टरला ती दाखवली गेली, आणि तेव्हापासून कितीतरी ख्रिस्ती घरांत ती दरवर्षी लागते. नीट न बघता मुलांपुढे लावणं आणि नीट न बघता झिडकारणं, ही दोन्ही घाई एकाच जातीची.

आम्ही ती चार रात्रींत बघतो. आज दुसरी रात्र.

[दृश्य: रात्र. सतरंजीवर मुलं. टीव्हीचा उजेड चेहऱ्यांवर.]

जकातदार मत्तयाचं घर. आत मेजवानी, गोंगाट, गावानं वाळीत टाकलेली माणसं. येशू त्यांच्यात बसलेला. त्याचा शिष्य पेत्र बाहेर, दाराशी. त्याच्या मासळीवर कर घेणारा हाच तो मत्तय, त्याच्या घरात पाऊल टाकायला तो तयार नाही. येशू उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला लागतो. धाकटा परत येतो, बाप धावत जातो, मेजवानी होते. मग शेतावरून मोठा भाऊ येतो, रागावतो, आत जायला नकार देतो. हे सांगताना पेत्र सगळं ऐकतो आहे.

आईनं रिमोट उचलला. चित्र थांबलं. पेत्र दारातच राहिला.

खोलीत दोन्ही काका आहेत. शेताच्या बांधावरून तीन वर्षं बोलत नाहीत. आजोबांसाठी दोघंही नाताळला येतात आणि खोलीच्या दोन टोकांना बसतात. वहिनी मुलांना मराठीत सांगत होती, तीही गप्प झाली.

पुतणीनं विचारलं, "मग मोठा भाऊ आत गेला का?"

आजोबांनी चष्मा काढला. शेजारचं पवित्र शास्त्र उघडलंही नाही. म्हणाले, "लूकानं लिहिलेलं नाही. बाप बाहेर येऊन विनवतो, तिथंच गोष्ट संपते."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही?"

"नाही."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. थोरल्या काकांनी करंज्यांची ताटली उचलली, एक घेतली आणि ताटली पुढे सरकवली. वहिनीच्या हातातून, मुलांच्या डोक्यांवरून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

आईनं पुन्हा बटण दाबलं.