बारा गाई, एक घोडा
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: पहाट. वैशाखरे गावाबाहेरचा कल्याण-नगर रस्ता. मुलं पाठीवर कापडी पिशव्या बांधताहेत.)

प्रत्येक पिशवीत एक किलो खडेमीठ आहे. सगळ्यांत धाकटीनं, ती सहा वर्षांची आहे, घासाघीस करून अर्ध्या किलोवर सौदा पटवला. आजच्या दिवसापुरती ही अकरा मुलं म्हणजे कोकणातून घाटावर निघालेला तांडा. आई-बाबा मागून येतील, पण ओझं ज्याचं त्यानंच वाहायचं, असं काल रात्रीच ठरलंय.

आज मंगळवार. शाळा भरायची वेळ झाली आहे. या अकरांपैकी कुणीच शाळेत जात नाही, सगळी घरीच शिकतात.

(दृश्य: जंगलातली वाट. पुढं दगडी फरसबंदी. झिजलेल्या पायऱ्यांवर चिमुकले बूट.)

ही वाट नाणेघाटाची. खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका, वर पुण्यातला जुन्नर. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जुन्नर आणि पैठणच्या बाजारपेठांशी जोडणाऱ्या वाटांत ही मोठी वाट होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही चारही नावं सापडतात. मोटारीचे रस्ते होईपर्यंत मीठ, नारळ, सुकी मासळी अशा घाटवाटांनीच वर जायची आणि धान्य खाली उतरायचं. पुस्तकात याला एक वाक्य असतं, 'कोकण व देश यांच्यात व्यापार चाले.' एक किलो मिठाचा पट्टा खांद्याला तासभर काचला की त्या 'चाले'चा अर्थ कळतो.

(दृश्य: एक मुलगा पायरीवर बसून पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो. निवेदन नाही. फक्त धाप आणि पाखरांचा आवाज.)

वर पोचायला अडीच तास लागले. शेवटच्या चढाला दोन्ही बाजूंना कातळ आणि मधे चिंचोळी खिंड. वर डावीकडं उंच सुळका दिसतो, तो नानाचा अंगठा. नाना आणि गुणा या दोन भावांची गोष्ट आजी-आजोबांनी आधीच सांगून ठेवलेली, त्यामुळं इथं कुणालाच काही सांगावं लागलं नाही. त्या पलीकडं जीवधन किल्ला आणि त्याला बिलगून उभी वानरलिंगी.

आणि खिंडीच्या तोंडाशी, दगडात घडवलेला हा रांजण.

(दृश्य: मुलं रांगेत. एकेक जण मूठभर मीठ रांजणाशेजारी ठेवलेल्या परातीत टाकतो.)

जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. व्यापारी वर आले की यात नाणी पडायची, अशी दंतकथा आहे. रांजणात आज मीठ टाकलेलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. हे संरक्षित स्मारक आहे, म्हणून परात घरून आणली. जकात वसूल करणारा अधिकारी दहा वर्षांचा आहे आणि बराच कडक आहे. धाकटीचं मीठ अर्धा किलोच, तर मूठही अर्धीच का नको, यावर तिथं जो वाद झाला तो कॅमेऱ्यात पूर्ण आला आहे. तो कापावा असं आम्हाला वाटलं नाही.

(दृश्य: वादावादी. हशा. अखेर अर्धी मूठ.)

हे सगळं एका दिवसात जमून आलेलं नाही. सहा आठवड्यांपूर्वी, पुण्यातल्या एका घराच्या ओसरीत, ते धूळपाटीपासून सुरू झालं.

(दृश्य: ताटात पसरलेली बारीक माती. छोटं बोट त्यात अधिकचं चिन्ह काढतं.)

हा 'क'. ब्राह्मी या प्राचीन लिपीतला 'क' म्हणजे गणितातलं अधिकचं चिन्ह. उभी रेघ ओढली की 'र'. नुसतं वर्तुळ म्हणजे 'ठ', त्या वर्तुळात टिंब दिलं की 'थ'. घराच्या छपरासारखा 'ग'. आपल्या पणजोबांच्या पिढीनं धुळाक्षरं गिरवूनच लिहिणं शिकलं, ती पाटी या घरांनी पुन्हा काढली आहे. चुकलं तर हात फिरवायचा, पाटी कोरी. खाडाखोड नाही आणि लाल शाईही नाही.

तीन आठवड्यांत मुलांनी आपापली नावं लिहिली. मग घरातल्या डब्यांवर 'मीठ', 'डाळ', 'रवा' ब्राह्मीत लिहिलं, आणि एका स्वयंपाकघरात साखरेऐवजी रव्याचा चहा उकळला.

या टप्प्यावर मुलांना एका माणसाची गोष्ट सांगितली गेली. भगवानलाल इंद्रजी. जन्म १८३९, जुनागढचा. इंग्रजी शाळा-कॉलेजचं शिक्षण नाही. गावाशेजारी गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख होता. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपनं १८३७ मध्ये उलगडली होती. त्याचा अक्षरांचा तक्ता हाती आला आणि हा मुलगा दगडासमोर जाऊन बसला. अक्षर अन् अक्षर ताडून पाहत स्वतःच वाचायला शिकला. पुढं मुंबईत इतिहास-संशोधक भाऊ दाजींकडं काम केलं, लेण्यालेण्यांतून हिंडून लेख उतरवले आणि १८७६ मध्ये नाणेघाटातल्या आकड्यांवर निबंध लिहिला. लायडन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. घरी शिकणाऱ्या मुलांना हा माणूस आवडला नसता तरच नवल. ओसरीवरच्या भिंतीला आता त्यांचं चित्र आहे, मुलांनीच काढलेलं, मिशा जरा जास्तच झाल्यात.

(दृश्य: परत नाणेघाट. लेण्याचा अंधार. मुलं आत शिरतात, डोळे मोठे.)

तो निबंध या भिंतीवरून लिहिला गेला.

समोरच्या भिंतीवर कधीकाळी मूर्तींची रांग होती. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण डोक्यावरच्या नावांच्या बऱ्याच पाट्या शाबूत आहेत. राजा सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. कुमार हकुसिरि. आणि 'महारठि' असा चार अक्षरांचा एक शब्द. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तोवर या चार अक्षरांचा दाखला कितीदा दिला गेला असेल! मुलांना त्याच्याशी घेणं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष त्यातल्या 'ठ'कडं होतं. गोल सापडला!

(दृश्य: डावी भिंत. टॉर्च समोरून, भिंत सपाट. टॉर्च बाजूनं, अक्षरं उठून येतात.)

हे नीट पाहा. उजेड समोरून टाकला तर भिंतीवर काहीच नाही. तोच टॉर्च भिंतीच्या कडेला, भिंतीला न टेकवता, आडवा धरला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ओळी वर येतात. भिंतीला हात लावायचा नाही हा नियम मुलांनी पाळला. बोटं हवेत फिरताहेत ती म्हणूनच.

हा राणी नागनिकेचा, म्हणजे पाटीवरच्या त्या नायनिकेचाच लेख. सुरुवातीला नमन आहे, धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्याला आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. मग यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा. गाई, घोडे, हत्ती, नाणी. दहा-पंधरा मिनिटं अडखळत वाचल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर बिल आहे."

बिलच आहे, तेही चोख. 'गावो बारस', म्हणजे गाई बारा, आणि पुढं आकड्यात पुन्हा १२. त्यापुढं 'असो च १', आणि घोडा एक. आजही आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो आणि आकड्यातही लिहितो, तसंच. बारसचं बारा व्हायला फार काही करावं लागत नाही, हेही मुलांना कुणी शिकवलेलं नाही.

(दृश्य: वहीत मुलगी दहाची खूण काढते, तिच्यापुढं दोन आडव्या रेघा.)

बारा लिहायला दहाची एक खूण आणि तिच्यापुढं दोनच्या दोन रेघा. मग शून्य कुठंय? शून्य नाही. वीसला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजारालाही वेगळीच. "म्हणजे पाठांतर वाढलं की," जकात अधिकाऱ्यांनी निकाल दिला. शून्याचा आणि स्थानाच्या किमतीचा धडा याहून कमी शब्दांत आम्ही ऐकलेला नाही.

ही सगळी घरं परीक्षेच्या विरोधात आहेत असं मात्र नाही. चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून दहावीला बसता येतं, मोठी मुलं बसणार आहेत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा घरच्या शिक्षणाबद्दल स्पष्ट काही बोलत नाही. बहुतेक घरांत नोकरी आईनं सोडली आहे. आज इथं नसलेली दोन मुलं यंदा शाळेत परत गेली.

(दृश्य: दुपार. घाटमाथ्यावरचं घाटघर गाव. अंगणात काळ्या दगडाचे तुकडे. छिन्नीचा आवाज.)

जेवण घाटघरातच झालं, एका महादेव कोळी घराच्या पडवीत. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. आणि जेवणानंतर हे आजोबा.

आजोबा पाथरवट आहेत. जुन्नरच्या बाजूला दारोदार हिंडून त्यांनी जाती आणि पाटे-वरवंटे टाकी लावून दिले. मिक्सर आला आणि तो धंदा बसला. दगड त्यांनी खाणीतून आणलाय, लेण्याच्या आसपासचा नाही. काम असं ठरलं की 'गावो बारस' ही पाच अक्षरं पाच जणांनी पाच दगडांवर कोरायची, बाकीच्यांनी आकडे.

(दृश्य: आजोबांचा हात मुलाच्या हातावर. टाकी तिरकी, घाव हलका. दगडाची पूड उडते.)

टाकी उभी धरली की दगड उडतो, फार आडवी धरली की नुसतीच घसरते. मधला कोन हाताला सापडावा लागतो, तो आजोबांनाही शब्दात सांगता येत नाही. ते फक्त मनगट धरतात. बेसॉल्ट कठीण आहे आणि मुलांचे हात मऊ. तासाभरानं 'ग'ची एक बाजू झाली. 'र' मागून घेणारा मुलगा हुशार निघाला. एक उभी रेघ, पाऊण तासात मोकळा, आणि उरलेला वेळ तो सगळ्यांना सल्ले देत हिंडला. 'स' आला अकरा वर्षांच्या एका मुलीच्या वाट्याला. वळणं आणि आकडा असलेलं अवघड अक्षर. ती कुणाशी बोलली नाही, पाणी प्यायलाही उठली नाही.

(दृश्य: तिचा चेहरा. निवेदन नाही.)

उन्हं कलली. आता ठसा. लेखांचा अभ्यास करणारे कागदावर लेख उतरवून घेतात, तशीच ही पद्धत. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो प्रत्येक खाचेत बसवायचा. कागद अर्धवट वाळला की कापडाच्या बोंडानं वरून काळी शाई टिपायची. वर राहिलेला भाग काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. पाच दगड ओळीनं मांडून वर एकच लांब कागद टाकला आहे.

(दृश्य: कागद हळूहळू सुटतो. गा. वो. बा. र.)

स.

'स' उलटा आहे. आरशात दिसावा तसा. तक्ता बघून कोरताना बाजू फिरली, आणि तीन तासांत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आजोबांना तर ब्राह्मी येतच नाही.

(दृश्य: शांतता. मुलगी कागदाकडं पाहतेय.)

आजोबांनी विचारलं, "काय झालं, पोरी?" तिनं सांगितलं. त्यांनी दगड हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "घाव सरळ आलेत की."

(दृश्य: मुलगी कागद उचलते, पालथा करते आणि मावळतीच्या उन्हासमोर धरते. कागदाच्या पाठीमागून अक्षरं उमटतात.)

मागच्या बाजूनं सगळी ओळ उलटी झाली आहे. गा, बा उलटे. 'र'ला काही फरक पडत नाही. 'स' तेवढा सुलट.