पीठ चिकटतंय? चिकटू द्या

मंडळी, डिनर रोल्स कडक झाले की सगळे यीस्टला नाहीतर ओव्हनला बोल लावतात, पण बहुतेक वेळा गडबड मळतानाच झालेली असते. पीठ हाताला चिकटलं की आपण घाबरून वरून मैदा भुरभुरतो, मग अजून थोडा, मग अजून थोडा, आणि तिथेच मऊपणा जातो. माझं प्रमाण सांगते, ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिली दूध, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम बटर. काट्यावरच मोजा हो, कपात मैदा दाबून भरला की प्रमाण बिघडलंच.

दूध कोमट हवं, कढत नको, कारण यीस्ट जिवंत असतं आणि ५५-६० अंशांच्या आसपास ते मरतं. इन्स्टंटऐवजी दाणेदार अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर आधी कोमट दुधात चमचाभर साखरेबरोबर १० मिनिटं ठेवा, फेस आला नाही तर पुढे जाऊच नका, उगाच मैदा वाया जाईल.

आता बटर सोडून सगळं कालवा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. एवढ्यात मैदा दूध पितो, ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारी प्रथिनांची जाळी, आपोआप जुळायला लागतं, चिकटपणा निम्म्यावर येतो. मग मळा, आणि बटर सगळ्यात शेवटी, थोडं थोडं. बटर पडलं की पीठ फाटतं, ओशट होतं, ओट्यावर नुसतं घसरत राहतं आणि इथेच लोकांचा धीर सुटतो, पण प्लीज मैदा घेऊ नका, मळत राहा, हळूहळू ते परत एकजीव होतं आणि हात सोडतं. मग लिंबाएवढा तुकडा घेऊन सगळीकडून अलगद ताणून बघा, न फाटता इतका पातळ झाला की पलीकडची बोटं दिसतात, तर झालं.

फुगायला किती वेळ? घड्याळ नाही, पीठ बघा. दुप्पट झालं की साधारण ६० ग्रॅमचे १६ गोळे करा आणि ट्रेमध्ये जवळजवळ लावा, फुगून एकमेकांना टेकले की कडा उघड्या राहत नाहीत म्हणून कडक होत नाहीत. दुसऱ्यांदा फुगल्यावर बोटाने हलकं दाबा. खळगा झटकन भरला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये टाका, १८० अंशांवर २० मिनिटं.

बाहेर काढल्या काढल्या वरून बटर फिरवा आणि कापड झाका, आतल्या वाफेने वरची साल मऊ पडते. उरले तर फ्रिजमध्ये अजिबात नको, तिथल्या गारठ्यात स्टार्च लवकर घट्ट होतो आणि रोल शिळा लागतो. एक-दोन दिवस डब्यात बाहेर ठेवा, जास्त ठेवायचे असतील तर थेट फ्रीझरमध्ये.