कंदाहारला न पोहोचलेला लोहमार्ग

सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता, त्या काळातली ही हकिकत आहे. सिंधूच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाला १८७९ साली रुक या लहानशा स्थानकापासून एक फाटा काढण्यात आला आणि त्याचे नाव ठेवले गेले ‘कंदाहार स्टेट रेल्वे’. दुसरे इंग्रज-अफगाण युद्ध चालू होते. अफगाणिस्तानाकडे जाणाऱ्या बलुचिस्तानातल्या बोलन खिंडीतून रसद वाहणारे उंट हजारोंनी मरत होते आणि रेल्वेवाचून पुढचे निभणार नाही, हे सरकारला कळून चुकले होते.

रुक ते बलुचिस्तानातले सिबी हे सुमारे १३३ मैलांचे अंतर. त्यातला बराचसा भाग झाड नाही, पाणी नाही अशा रखरखीत मैदानाचा. तरीही रोज मैलाहून अधिक रूळ अंथरत मजुरांनी १०१ दिवसांत सिबी गाठले. तो जानेवारी १८८० होता. ज्यांच्या हातांनी हे घडले, त्यांची नावे मात्र कुठे आढळत नाहीत, ही या इतिहासातली सर्वांत बोचणारी उणीव आहे.

पुढे डोंगर होते आणि राजकारणही. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेकडील मैवंदच्या लढाईत इंग्रजांचा दारुण पराभव झाला; तिथे पडलेल्यांत मुंबईच्या लष्करातील ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या पलटणींचे शिपाई होते. त्यानंतर रेल्वेचे काम थांबवण्यात आले. विलायतेत ग्लॅडस्टन यांचे सरकार आले होते आणि त्याला अफगाणिस्तानात अडकून पडायचे नव्हते.

१८८३ मध्ये जेम्स ब्राउन यांच्या देखरेखीखाली काम पुन्हा सुरू झाले ते ‘हर्णाई रस्ता सुधारणा योजना’ या नावाने (हर्णाई हे सिबी-क्वेट्टा वाटेवरचे ठिकाण), कारण बंद केलेली रेल्वे पुन्हा बांधली जात आहे, हे उघडपणे सांगण्याची सोय नव्हती. १८८५ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवरच्या पंजदेहपर्यंत आल्या, तेव्हा हा आडपडदा गळून पडला. १८८७ मध्ये गाडी क्वेट्ट्याला पोहोचली. त्यानंतर खोजक डोंगर फोडून जवळजवळ चार किलोमीटरचा बोगदा काढण्यात आला आणि १८९२ च्या सुमारास रूळ अफगाण सीमेजवळच्या चमनला जाऊन थांबले.

अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांना ही रेल्वे पोटात खुपसलेल्या सुरीसारखी वाटत होती आणि आपल्या मुलखात त्यांनी ती येऊ दिली नाही. पुढच्या टप्प्यासाठी लागणारे रूळ आणि इतर सामान चमनला साठवून ठेवले होते. कंदाहार तिथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर होते.